न लागणारा दिवा

महिन्यातून एक वीकेंड साताऱ्याला आई-बाबांकडे जायचं, हा माझा नियम. (नियम म्हणजे काय, दोन महिन्यांतून एकदा जमतं. पण नियम आहे.) स्वारगेटहून एसटी, खंबाटकीत हमखास लागणारं ट्रॅफिक, पोचल्यावर आईच्या हातचं थालीपीठ आणि त्यानंतर बाबांच्या गाडीतून एक चक्कर. पुण्यात मी बाइकवर, त्यामुळे चारचाकी चालवायची हौस तिथेच भागवून घेतो.

गाडी म्हणजे साधी पेट्रोल हॅचबॅक. २००६ साली बाबांनी नवीकोरी घेतली तेव्हा मी चौथीत होतो. पंधरा वर्षं झाल्यावर सगळ्यांनी सांगितलं, विकून टाका. बाबांनी ग्रीन टॅक्स भरला, पुन्हा पासिंग करून घेतलं आणि विषय संपवला. ते शाळेत विज्ञानाचे शिक्षक होते. "चालणारी वस्तू टाकायची नसते," हा त्यांचा न्यूटनच्या वरचा नियम.

तर मागच्या रविवारी सकाळी मी गाडीत बसलो. किल्ली 'ऑन'वर फिरवली आणि थांबलो.

हे थांबणं बाबांनीच शिकवलेलं. अठराव्या वर्षी गाडी शिकवताना क्लच-ब्रेकच्याही आधी हा धडा झाला होता. "किल्ली फिरवून लगेच स्टार्टर मारायचा नाही. आधी दिवे मोज. चार लागले पाहिजेत. इंजिन सुरू झालं की तीन विझले पाहिजेत, आणि चौथा हँडब्रेक सोडल्यावर." बॅटरी, ऑइल, चेक इंजिन, हँडब्रेक. तेव्हा मला ते अगदीच मास्तरकीचं वाटायचं, पण सवय लागली ती लागलीच.

त्या दिवशी मोजले. तीन.

पुन्हा किल्ली बंद केली, पुन्हा ऑन. बॅटरी आहे, चेक इंजिन आहे, हँडब्रेक आहे. तेलाच्या झारीचं ते लाल चित्र मात्र गायब. आणि दुसऱ्या दिवशी हीच गाडी घेऊन आई-बाबा दोघंच कोल्हापूरला लग्नाला जाणार होते, हायवेवरून एकशेवीस किलोमीटर.

मी स्टार्टर न मारता किल्ली काढली आणि बॉनेट उघडलं.

आता थोडं तंत्रज्ञान. (कंटाळा येत असेल तर पुढच्या दोन परिच्छेदांवरून उडी मारा. पण गाडी वापरत असाल तर मारू नका.)

ऑइलचा दिवा हा डॅशबोर्डवरचा सगळ्यात बिनडोक दिवा. जुन्या गाड्यांत त्याला कॉम्प्युटर वगैरे काही नसतो. किल्ली ऑन केली की फ्यूजमधून दिव्याच्या एका टोकाला १२ व्होल्ट येतात. दुसऱ्या टोकाची एकच वायर इंजिनपर्यंत जाते, तिथे ऑइल प्रेशर स्विच असतो. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो, त्यामुळे स्विच जोडलेला असतो, करंट इंजिनच्या धातूत अर्थ होतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, पंपाने दाब तयार केला, की स्विच उघडतो आणि दिवा विझतो. झालं. एवढंच सर्किट.

आता यातली गोम बघा. फ्यूज उडाला, बल्ब गेला, वायर तुटली, प्लग निघाला, स्विच आतून अडकला, यातलं काहीही झालं तरी परिणाम एकच: दिवा लागत नाही. आणि दिवा न लागणं म्हणजेच 'सगळं ठीक आहे'! म्हणजे गाडी चालू असताना निरोगी इंजिन आणि तुटलेली वायर या दोन्हींचा चेहरा डॅशबोर्डवर अगदी सारखा दिसतो. फरक कळायची जागा एकच, किल्ली ऑन आणि इंजिन बंद असतानाचे ते दोन-तीन सेकंद. तेव्हा दिवा लागायलाच हवा. बाबांची दिव्यांची मोजणी म्हणजे दिव्याची तपासणी होती, इंजिनची नव्हे, हे मला इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही त्या दिवशी नीट कळलं.

(जाता जाता: बॅटरीच्या दिव्याचं तर आणखी मजेशीर. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच जातो. म्हणजे बल्ब उडाला तर चार्जिंगच सुरू न होण्याची शक्यता. इशारा देणाराच गेला आणि जाताना काम पण घेऊन गेला! आणि सेकंडहँड गाडी घेत असाल तर एअरबॅगचा दिवा नक्की बघा. किल्ली ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि स्वतःच्या वेळेने विझला पाहिजे. बिघाड लपवायला काही महाभाग तो दिवा दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवतात, मग दोघं अगदी जोडीने विझतात.)

हुश्श. नमनालाच घडाभर तेल झालं. पण आजचा विषयच तेलाचा आहे, त्यामुळे माफी असावी.

डीबगिंगचा पहिला नियम, अर्ध्यातून कापायचं. बाकीचे दिवे लागत होते, म्हणजे त्यांचा सामाईक फ्यूज ठीक होता. उरले बल्ब, वायर, स्विच. डॅशबोर्ड खोलून बल्ब बघायचा म्हणजे अर्धा दिवस आणि चार तुटलेल्या क्लिपा. त्यापेक्षा सोपं म्हणजे स्विचवरची वायर काढायची आणि तिचं टोक सरळ इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवायचं. दिवा लागला तर बल्ब आणि वायर दोन्ही ठीक, दोष स्विचचा. नाही लागला तर दोष वायरीत किंवा बल्बात. एका टेस्टमध्ये अर्धा प्रॉब्लेम बाद.

फक्त यासाठी दोन माणसं लागतात, एक बॉनेटखाली आणि एक डॅशबोर्डसमोर. बाबा पेपर वाचत होते आणि "काही झालेलं नाही गाडीला" या पलीकडे बोलायला तयार नव्हते. (हे तेव्हाच खटकायला हवं होतं.) मग आईला बोलावलं. ती हात पदराला पुसत आली आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"कुठल्याही पेडलला पाय लावू नकोस. फक्त लाल दिवा लागला की ओरड."

"कसा दिसतो?"

"अल्लाउद्दिनच्या दिव्यासारखा. चोचीतून थेंब पडतोय."

ऑइल फिल्टरच्या जवळ टॉर्च मारून स्विच शोधला. सापडला. पण त्याच्यावर वायरच नव्हती. नुसतं पितळी टोक. वायर बाजूला होती, शेजारच्या वायरींच्या जुडग्याला काळ्या चिकटपट्टीने नीट बांधलेली. तुटलेली नाही, उंदराने कुरतडलेली नाही. कोणीतरी हाताने काढून, व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली.

चिकटपट्टी सोडवली, टोक इंजिनला टेकवलं.

"लागला! लागला!" आई इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक. मग तीच वायर स्विचवर बसवली. "अजून लागलेलाच आहे रे!" म्हणजे स्विचही ठीक. एकही भाग खराब नाही! मी बॉनेटखालून असा बाहेर आलो की जणू प्रॉडक्शनचा मोठा बग मारला. बाबांना हाक मारली, "बघा, दहा मिनिटांत केला!" हात धुवायला निघालोसुद्धा.

आई अजून सीटवरच बसलेली. म्हणाली, "दिवा लागला ते बरं झालं. पण तेल आहे का त्यात?"

मी थांबलो. खरंच, इतका वेळ मी दिवा दुरुस्त करत होतो. दिवा कशासाठी असतो, ते साफ विसरलो होतो.

विमान अपघातांबद्दल वाचायची मला वाईट सवय आहे, त्यामुळे लगेच आठवलं ते फ्लाइट ४०१. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचं हे विमान न्यूयॉर्कहून येऊन मायामीला उतरत होतं. नाकाखालचं चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागेना. विमान २००० फुटांवर ऑटोपायलटवर ठेवलं आणि कॉकपिटमधली मंडळी त्या दिव्याच्या मागे लागली. दिवा काढला, तो परत नीट बसेना, एक जण चाक बघायला खाली उतरला. या गडबडीत ऑटोपायलटची उंची धरून ठेवण्याची सोय सुटली. विमान हळूहळू खाली येत गेलं. उंची बदलल्याचा इशाऱ्याचा सूरही वाजला, कोणाच्या लक्षात आला नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. १७६ पैकी १०१ माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं, फक्त दिवा जळाला होता.

असो. मी डिपस्टिक काढली. पुसली, परत घातली, परत काढली. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसायला हवं. इथे खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला जेमतेम काळा ओला डाग.

बाबा तोपर्यंत येऊन शेजारी उभे राहिले होते. डिपस्टिककडे बघत राहिले. मग म्हणाले, "यवतेश्वरचा घाट उतरताना वळणावर लुकलुकायचा."

"काय?"

"दिवा. वळणावर लागायचा, सरळ रस्त्याला विझायचा. मग तो म्हणाला, सर, सेन्सर गेलाय, पुण्याहून मागवतो, तोवर वायर काढून ठेवतो. उगाच लाल दिसतं." 'तो' म्हणजे बाबांचा गॅरेजवाला, त्यांचाच जुना विद्यार्थी. पुढे सेन्सर यायचा राहिला, त्याची आठवण करायची राहिली आणि तीन महिने गेले.

वळणावर लुकलुकणं ही खरं तर पाठ्यपुस्तकातली खूण आहे. तेल इंजिनच्या तळाला चेंबरमध्ये साठतं आणि पंप तिथून जाळीतून ते ओढतो. तेल कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला कलतं, जाळी क्षणभर उघडी पडते, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि दिवा लागतो. सरळ झालात की विझतो. सेन्सर काही बिघडला नव्हता. तो बिचारा अगदी वेळेवर, अगदी खरं बोलत होता.

तेलाचा दाब गेला की क्रँकच्या बेअरिंगवरचा तेलाचा पातळ थर जातो आणि धातूवर धातू घासायला लागतो. हायवेच्या वेगात इंजिन जाम व्हायला मग फार मिनिटं लागत नाहीत. म्हणूनच पिवळा दिवा म्हणजे 'गॅरेजला दाखवा', पण तेलाचा लाल दिवा म्हणजे 'आत्ता बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा'. मी कराडजवळ कुठेतरी, ट्रकांच्या मध्ये अचानक बंद पडलेली गाडी आणि त्यात हे दोघं, असं चित्र डोळ्यांसमोर आणलं आणि लगेच पुसून टाकलं.

बाबांना एक खणखणीत भाषण ठोकायची तयारी केली होती. तोंडही उघडलं होतं. पण मग गेल्या वर्षीचं आठवलं. ऑन-कॉलवर असताना एका सर्व्हरची डिस्क भरत आल्याची अलर्ट मला रोज पहाटे तीनला उठवायची. जागा थोडी भरायची, मग आपोआप रिकामी व्हायची. चौथ्या रात्री मी ती अलर्ट म्यूट केली. 'सोमवारी बघू' अशी नोंद टाकली. त्यानंतर बरेच सोमवार आले आणि गेले. दीड महिन्याने एका दुपारी डिस्क पूर्ण भरली, सर्व्हर पडला आणि मॅनेजरने विचारलं की अलर्ट का आली नाही. मी काय उत्तर देणार? वायर काढून, काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. तोंड मिटलं.

भाषण आईनेच केलं, अगदी छोटं. "आणि तो पुठ्ठा कशाला टाकते मी गाडीखाली? फरशीवर डाग पडतात म्हणून सांगितलं नव्हतं मी तुम्हाला?" खाली वाकून बघितलं. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर बशीएवढा काळा डाग. घरातला चालू असलेला एकमेव वॉर्निंग लाइट तोच होता आणि त्याच्याकडे आम्ही दोघंही बघत नव्हतो.

रविवार म्हणून गॅरेज बंद. शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून हायवेच्या पेट्रोल पंपावर गेलो, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं तेल आणलं आणि थोडं थोडं ओतत, मध्ये मध्ये डिपस्टिक बघत वरच्या खुणेपर्यंत आणलं. लिटरभराच्या वर गेलं. ज्या इंजिनात एकूण तेलच तीन लिटरच्या आसपास मावतं, त्यात लिटरभर कमी! मग बाबा सीटवर बसले. किल्ली ऑन. "चार," ते म्हणाले. स्टार्टर. दोन सेकंदांत झारी विझली. बाबा काही बोलले नाहीत, पण स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला.

कोल्हापूरला ते एसटीने गेले. (बाबा रुसून, आई खिडकीपाशी खुशीत.) मी सोमवारी सुट्टी टाकून गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाल्याचा चेहरा उतरला होता, मलाही त्याला काही बोलवेना. त्याने स्विच काढून त्या जागी गेज लावला आणि इंजिन गरम करून दाब मोजला. दाब ठीक निघाला, आमचं नशीब. गळती टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून होती. पॅकिंग बदललं, वायर स्विचवर पक्की बसवली. बिल सांगितलं तर तुम्ही हसाल, वीकेंडला आपण पिझ्झावर जास्त घालवतो.

पुण्याला परतताना एसटीत एकच विचार डोक्यात होता. दर रविवारी मी घरी फोन करतो. "सगळं ठीक ना?" "हो, मस्त." "गाडी काय म्हणते?" "पळतेय." झाला फोन. तीन महिने, साधारण बारा फोन, बारा वेळा 'मस्त'. बाबा खोटं बोलत होते असं नाही. माझा प्रश्नच असा होता की त्याला दुसरं उत्तर नव्हतं. ऑफिसात आम्ही महत्त्वाच्या सर्व्हरकडून दर मिनिटाला 'मी जिवंत आहे' असा निरोप मागतो आणि निरोप आला नाही की घंटी वाजते. तिथे शांतता म्हणजे धोका. घरी मात्र मी शांतता म्हणजे सुख समजत आलो.

म्हणून या बुधवारी मुद्दाम फोन केला आणि 'ठीक ना' विचारलं नाही. आकडा विचारला.

"बाबा, डिपस्टिक किती दाखवतेय?"

"सकाळीच बघितली. वरच्या खुणेच्या किंचित खाली." आवाजात जरा अभिमान. "आणि दिवे चार."

"पुठ्ठा?"

"कोरडा."

"वा. आणि बीपी किती आहे?"

पलीकडे शांतता. बाबांना चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. मोजायचं मशीन मीच दिवाळीला नेऊन दिलं होतं, आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहायचं ठरलं होतं.

"बाबा?"

"अरे, त्या मशीनचे सेल संपलेत."

"कधी?"

"झाले असतील पंधरा-वीस दिवस..."

मागून आईचा आवाज आला, "गणपतीच्या आधीपासून!"

असो. चार पेन्सिल सेल बॅगेत टाकलेत, चार जादाचे पण घेतलेत. सलग दुसरा वीकेंड, नियम मोडून. साडेसहाची एसटी आहे, निघतो.